पूल झाला, आता टीम घरी आणा!

प्रो कबड्डीच्या तेराव्या पर्वाचे वेध लागलेत. यू मुंबाकडून काय हवंय? ट्रॉफी तर हवीच. पण एका अलिबागकर फॅनच्या विशलिस्टमध्ये तिच्याही वर एक गोष्ट आहे...

जगात दोन प्रकारचे फॅन असतात. एक, जिंकणाऱ्या टीमचे. दुसरे, आपल्या टीमचे. पहिल्यांचं आयुष्य एकदम कूल. दरवर्षी नवा हीरो, नवा टी-शर्ट, नवा स्टेटस. दुसऱ्यांचं मात्र लग्नासारखं असतं बॉस. एकदा झालं की झालं! समोरचा कितीही बोअर करो, रात्री रुसून झोपायचं आणि सकाळी उठून पुन्हा त्याचाच डबा भरायचा. मी दुसऱ्या कॅटेगरीतली. टीम यू मुंबा. शेवटची ट्रॉफी 2015 ची. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात आयपीएल सुरू झालं की कॉफी मशीनपाशी पॅनल डिस्कशन असतं. ज्याने शाळेत कधी बॅट धरली नाही तोही यॉर्करवर लेक्चर देतो. कबड्डीचा सीझन आला की मात्र एकच प्रश्न येतो, ‘अय्या, ते अजून चालू आहे?’ चालू आहे! आणि तुमच्यापैकी अनेकांच्या गावात ते प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

अलिबागसे आयी हूँ, हाँ!

‘अलिबागसे आया है क्या?’ हा डायलॉग मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा राग येत नाही. एका गृहस्थांना मात्र आला होता. 2019 मध्ये हा वाक्प्रचार बंद करा म्हणून मुंबई हायकोर्टात चक्क याचिका झाली होती. कोर्टाने ती फेटाळली. माझं म्हणणं असं, की कबड्डीचा विषय निघाला की हाच डायलॉग कॉम्प्लिमेंट म्हणून घ्यायचा!

कारण मांडव्यापासून थळ, नागाव, चौल, रेवदंडा करत खाली मुरूडपर्यंत जा. आत पेण-रोह्याकडे वळा. दिवाळी झाली की गावागावात मैदानं तयार होतात. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या. पुरुषांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर. एवढ्याशा जागेत चौदा माणसं आणि बाहेर अख्खं गाव. बाकड्यांवर म्हातारे, कंपाउंडच्या भिंतीवर पोरं, उभ्या टेम्पोच्या टपावर टगे, आणि ओट्यावर आमच्यासारख्या बायका. आमच्याकडे कबड्डी ही फक्त पुरुषांची गोष्ट कधीच नव्हती. माझी आजी क्रिकेटला ‘त्या उन्हात उभं ऱ्हायाचा खेल’ म्हणते, पण रेडर निदान रेषेपाशी गेला की तिचाही श्वास अडकतो.

मग अलिबागच्या पोरीची टीम मुंबई कशी? सिंपल आहे. आमच्या किनाऱ्यावरून समुद्रापलीकडे रात्री जे दिवे दिसतात ते मुंबईचे. आमची भाजी, मासळी, नोकऱ्या, कॉलेजं, हॉस्पिटलं सगळं त्या दिव्यांच्या बाजूला. 2014 मध्ये लीग आली तेव्हा नकाशा बघून टीम निवडावी लागली नाही. खिडकीतून बघितलं आणि निवडली.

हिस्ट्रीचा तास, पण छोटा

26 जुलै 2014. वरळीचं एनएससीआय स्टेडियम. प्रो कबड्डीची पहिलीवहिली मॅच, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आपण 45-31 ने जिंकलो. मॅटवर, झगमगत्या लाइट्सखाली, बूट घालून खेळली जाणारी कबड्डी बघून आजीने विचारलं होतं, ‘ही मानसं पडली तर धूल कशी उरत नाय?’ त्या सीझनची फायनल मात्र त्याच जयपूरने आपल्याला 35-24 ने हरवून नेली.

2015 ला हिशेब चुकता. फायनलमध्ये बेंगळुरू बुल्सला 36-30 ने लोळवलं, तेही वरळीतच. कॅप्टन अनुप कुमार. हरयाणाचा गडी, पण ‘बोनस का बादशाह’ म्हणून मुंबईने त्याला डोक्यावर घेतला. घाई नाही, आरडाओरडा नाही, आठ तास शांतपणे एक्सेल शीट भरणाऱ्या सीनिअरसारखा एकेक पॉइंट जमा करणारा. बाजूला रिशांक देवाडिगा, शब्बीर बापू, विशाल माने, आणि कोपऱ्यात एक नवखा इराणी, फजल अत्राचली. आहाहा! ती टीम म्हणजे आमचं पहिलं प्रेम.

मार्च 2016 मध्ये पुन्हा फायनल. पाटणा पायरेट्सने 31-28 ने हरवलं. तीन सीझन, तीन फायनल! तेव्हा वाटलं होतं, हे असंच चालणार. पण तेव्हापासून यू मुंबाला फायनल दिसलेली नाही. सहाव्या पर्वात सिद्धार्थ देसाई नावाचं चंदगडचं वादळ आलं, टीम प्लेऑफला गेली आणि यूपी योद्धाकडून हरली. 2019 ला सेमीफायनलमध्ये बंगाल वॉरिअर्सने 37-35 ने घालवलं. दोन पॉइंट! त्यानंतर लागोपाठ तीन सीझन प्लेऑफच नाही. 2024 ला सुनील कुमारच्या कॅप्टनशिपखाली परत वर आलो, तर एलिमिनेटरला पुन्हा पाटणा आडवं आलं, 23-31. आणि 2025 ची फायनल खेळले कोण, तर दिल्ली आणि पुणे. दिल्लीने 31-28 ने ती जिंकली.

आता जखमेवर मीठ. 2015 नंतर मुंबईत दोनदा फायनल झाली, जानेवारी 2019 मध्ये आणि डिसेंबर 2022 मध्ये. दोन्ही वेळा वरळीतच. एकदा ट्रॉफी बेंगळुरूने नेली, एकदा जयपूरने. म्हणजे हॉल आपला, मांडव आपला, जेवणावळ आपली, आणि लग्न भलत्याचंच!

छत्तीस लाखांचा हिरा

कबड्डीचा लिलाव ही ऑफिसातल्या अप्रेझलसारखीच गोष्ट आहे. ज्याला तुम्ही शिकवता, तो पुढच्या वर्षी दुसरीकडे डबल पॅकेजवर जातो. सिद्धार्थ देसाईचंच बघा. 2018 ला यू मुंबाने त्याला 36.4 लाखांत घेतलं. पोराने एका सीझनमध्ये दोनशेहून जास्त पॉइंट काढले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजून त्याला नेलं. आपण टाळ्या वाजवत बसलो.

आकड्यांची ही झेप बघण्यासारखी आहे. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, 12.80 लाख रुपये. 2018 मध्ये फजल अत्राचलीला यू मुंबाने लिलावात 1 कोटीला विकत घेतलं, तो लीगचा पहिला करोडपती ठरला. 2023 ला पवन सेहरावत 2.605 कोटींवर गेला. नऊ वर्षांत वीसपट! तुमच्या सॅलरीची स्लिप काढून बघा, आणि मग मला सांगा कबड्डी ‘गावठी’ आहे की नाही.

पण प्रत्येक टीमच्या पर्सला मर्यादा असते. दोन स्टार घेतले की बाकी दहाजणांसाठी चिल्लर उरते. म्हणून खरी हुशारी असते ती स्वस्तात मिळालेला पोरगा मोठा करण्यात, आणि मोठा झाल्यावर सांभाळण्यात. इथे एका गोष्टीला मनावर दगड ठेवून दाद द्यावी लागते. ती म्हणजे पुणे! (मुंबईकर वाचकांनी पुढची चार वाक्यं डोळे मिटून वाचावीत.) सुरुवातीच्या पर्वांत पुणेरी पलटण टेबलच्या तळाला लोळत होती. मग त्यांनी तरुण पोरं धरून ठेवली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही सगळी एकत्र वाढलेली टीम. 1 मार्च 2024 ला याच टीमने अस्लमच्या कॅप्टनशिपखाली हरयाणाला 28-25 ने हरवून ट्रॉफी उचलली. अस्लम नगर जिल्ह्यातला, आकाश नाशिककडचा. म्हणजे माती आपलीच, फक्त ती चाळली पुण्याने.

तर यू मुंबाकडून माझी पहिली अपेक्षा ही. सुनील कुमारसाठी 2024 ला 1.015 कोटी मोजले, उत्तम केलं. अजित चौहानसारखा तरुण रेडर त्याच सीझनला हाती लागला, त्याहून उत्तम. आता दर दोन वर्षांनी घर पाडून पुन्हा बांधायचा उद्योग थांबवा. एखादा सीझन सातव्या नंबरवर संपला तरी चालेल, आम्ही ट्रोल करणार नाही. (बरं, थोडंसं करू.) पण तीच पोरं पुढच्या वर्षी परत दिसू देत. नावं पाठ व्हायला वेळ लागतो हो!

टीमचं नाव मुंबई, पत्ता?

आता मुख्य मुद्दा. इथे माझा आवाज जरा चढेल.

यू मुंबा घरच्या प्रेक्षकांसमोर शेवटची कधी खेळली, आठवतंय? जानेवारी 2024. दहाव्या पर्वात सगळ्या बारा शहरांना लीग फिरली, मुंबईचा टप्पा 5 ते 10 जानेवारी असा होता. त्याआधीचा मुंबईचा टप्पा थेट 2019 चा. मध्ये एक सीझन कोविडमुळे बेंगळुरूच्या एका हॉलमध्ये, प्रेक्षकांविना झाला. पुढच्या सीझनचे प्लेऑफ मुंबईत झाले, पण त्यात मुंबईच नव्हती. 2024 च्या अकराव्या पर्वात मॅचेस हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात. 2025 च्या बाराव्यात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबई? लिस्टमध्ये नाही.

आणि आता नशिबाचा खेळ बघा. 2014-15 ला वरळीहून रात्रीची मॅच संपवून अलिबागला जाणं म्हणजे मोहीम होती. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. मग पनवेल, पेण, वडखळ असा रस्ता, आणि मुंबई-गोवा हायवेचे खड्डे. पहाटे घरी पोचून दोन तासांत पुन्हा आवरायचं. तरी आम्ही जायचो. मग मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढा, तासाभरात पलीकडे. आणि 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडीहून समुद्रावरून सरळ आमच्या उरण-पनवेलच्या बाजूला उतरा.

तारीख पुन्हा वाचा. मुंबईतला कबड्डीचा टप्पा संपला 10 जानेवारीला. पूल सुरू झाला 12 जानेवारीला. दोन दिवस! रायगडच्या फॅनला मुंबईत मॅच बघून रात्री आपल्या बिछान्यात झोपता येईल अशी सोय झाली, आणि टीमने मुंबईत यायचंच बंद केलं.

लीगचं गणित मला कळतं. तीन-चार शहरांत सगळं उरकलं की प्रवास, हॉटेलं, मॅट अंथरायचा खर्च वाचतो. पण कबड्डी हा टीव्हीवर अर्धाच कळणारा खेळ आहे. तिसऱ्या चढाईला रेडर आत शिरतो तेव्हा स्टेडियममध्ये जी शांतता पसरते, ती मोबाइलच्या स्क्रीनवर येत नाही. पहिल्याच सीझनला या लीगने टीव्हीवर 43.5 कोटी प्रेक्षक मिळवले म्हणतात. छान. पण फॅन हा बनतो तो स्टँडमध्ये. दहा वर्षांच्या पोराला अनुप कुमार पंधरा फुटांवरून दिसतो, तेव्हा.

आमचा डावा कोपरा

हे सगळं मी तावातावाने का सांगतेय, त्याला कारण माझा चुलत भाऊ आहे. वय 22. गावच्या टीमचा लेफ्ट कॉर्नर. अँकल होल्ड अशी, की समोरच्याला पाय आपला की त्याचा हे कळायला वेळ लागतो. पोटापाण्यासाठी एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे, तीन शिफ्टमध्ये. सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळची प्रॅक्टिस बुडते. नाइट असली की रात्रीची टुर्नामेंट बुडते. गेल्या मोसमात आमच्या गावाने दोनदा पाच गड्यांवर मॅच खेळायला घेतली, कारण बाकीचे ड्यूटीवर.

पूर्वी याला एक उत्तर होतं. चांगला खेळलास की रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र अशा कुठल्यातरी टीमचा माणूस गावात यायचा आणि नोकरी लागायची. कबड्डीने कोकणातली कित्येक घरं अशी उभी केली. ती दारं आता किलकिली झालीत. दुसरीकडे लीगचं दार कोटींचं आहे, पण ते उघडतं मूठभरांना. मधल्या माणसाने काय करायचं? मातीवर अनवाणी खेळणाऱ्या पोराला मॅटवर बुटांनी खेळायची सवय हवी, तर मॅट हवी. मॅट जिल्ह्याच्या गावाला, आणि हा फर्स्ट शिफ्टला.

मध्यंतरी तो मला म्हणाला, ‘ताई, या दिवाळीनंतर एकच सीझन. मग बंद.’ मी विचारलं, का रे? तर म्हणे, ‘गुडघा गेला तर कंपनी घरी बसवील. कबड्डी काय पगार देते?’ त्याला काय उत्तर देणार? मी मोटिव्हेशनल कोट फॉरवर्ड करणाऱ्यांतली नाही. गप्प बसले.

म्हणून मला टीम घरी हवी आहे. ट्रॉफीच्या फोटोसाठी नाही. मुंबईत आठ दिवस मॅचेस झाल्या की अख्ख्या किनाऱ्यावर वारं फिरतं. गावागावातून गाड्या निघतात. प्रशिक्षक मुंबईत असतात, मग एखादा वाकडी वाट करून पेणला-रोह्याला टुर्नामेंट बघायला येऊ शकतो. माझ्या भावाला लीगमध्ये घेतील असं स्वप्न मी दाखवत नाही. पण आपण जे करतो ते मोठं आहे, त्यासाठी लोक तिकीट काढून येतात, हे त्याला एकदा स्टँडमधून दिसू दे. एका सीझनचे दोन सीझन त्यानेही होतात.

या सीझनला हे बघाच!

नवीन असाल तर घाबरू नका. 20-20 मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाच मिनिटं ब्रेक. ड्रामा मात्र डेली सोपच्या डबल. फक्त एवढं लक्षात ठेवा:

– बोनस: समोर सहा किंवा सात गडी असताना रेडरने बोनस रेषा नीट ओलांडली की एक पॉइंट. कुणाला हात न लावता कमाई! अनुपचं घर याच्यावर चालायचं.

– तिसरी चढाई: लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. पॉइंट नाही तर बाहेर. वॉशरूमला या वेळी जाऊ नका.

– सुपर टॅकल: तीन किंवा कमी गडी उरलेत आणि तरी रेडर पकडला, तर दोन पॉइंट. हरणारी टीम इथेच पलटी मारते.

– लोण: समोरची अख्खी टीम बाद केली की जादा दोन पॉइंट. या वेळी सोफ्यावर उभं राहायला हरकत नाही.

– सुनील कुमार: बॉलवर नजर ठेवायची सवय असलेल्या क्रिकेटप्रेमींनो, इथे रेडरऐवजी डिफेन्स बघा. कव्हरवरून तो कधी झेपावतो ते आधी ओळखता आलं, तर तुम्ही पास.

– मुंबई-पुणे: या मॅचच्या दिवशी पुणेकर सहकाऱ्यांशी प्रोजेक्टविषयी काहीही बोलू नये. ईमेल पाठवावी.

तर, भविष्य काय?

माझं प्रेडिक्शन लिहून ठेवा. प्लेऑफला जाऊ. डिफेन्स जाडजूड राहिला आणि दोन तरुण रेडर फिट राहिले, तर सेमीफायनल. त्यापुढे खंडोबाची कृपा. पाटण्याशी पुन्हा गाठ पडू नये एवढंच. फायनल खेळलो तर मी ऑफिसला सिक लीव्ह टाकणार आहे, हे एचआरने आत्ताच वाचून घ्यावं.

पण शेड्यूल आलं की मी आधी पॉइंट्स टेबलचा विचार करणार नाही. शहरांची यादी बघणार. त्यात मुंबई असेल, तर त्याच संध्याकाळी दोन तिकिटं काढायची, एक माझं, एक भावाचं. त्याची शिफ्ट बदलून घ्यायची जबाबदारी माझी. आणि नसेल, तर नारंगी टी-शर्ट घालून घरीच टीव्हीपुढे बसू, आजी, तो आणि मी. सुपर टॅकल झाली की एवढं ओरडू, एवढं ओरडू, की समुद्रापलीकडच्या त्या दिव्यांपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.